कोरडवाहू मुलखांतील भाकरीचा प्रश्न

इगतपुरीचा मुलगा आणि येवल्याचा मुलगा एका बांकावर बसून पावसाळ्याविषयीं बोलूं लागले, तर ते एकाच जिल्ह्याचे रहिवासी आहेत हें ऐकणारास खरें वाटणार नाहीं. इगतपुरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारें शंभर किलोमीटरांवर येवल्यास तो पांचसहाशें मिलिमीटरांवर येतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री चढतांना आपला भार घाटमाथ्यावर रिता करितात, व पलीकडे उतरणारी हवा कोरडी होते. म्हणून सिन्नर, येवलें, नांदगांव, चांदवड, मालेगांव हे तालुके पर्जन्यछायेंत मोडतात. ह्या छायेखालीं राहणाऱ्या माणसांनीं खावें काय, व त्यांची संख्या वाढत गेली म्हणजे तें पुरावें कसें, ह्याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम संख्या पाहूं. १८९१ च्या मानानें १९०१ च्या खानेसुमारींत नाशिक जिल्ह्यांतील माणसें वाढण्याऐवजीं कमी भरलीं. तीं सुमारें ८ लक्ष १६ हजार होतीं. मधल्या दहा वर्षांत १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आणि प्लेगची सांथ येऊन गेली होती. २०११ च्या खानेसुमारींत हीच संख्या ६१ लक्षांवर गेली. माणसें सातपटींहून अधिक झालीं. जमीन होती तेवढीच राहिली.

पूर्वीं शेतकऱ्याची पेढी म्हणजे पेंव. जमिनींत खड्डा खणावयाचा, आंतून गवत-कडबा लावावयाचा, सुगीचें धान्य भरून तोंड बंद करावयाचें. विज्ञान शिकणाऱ्या मुलांनीं ह्यांतील युक्ति ध्यानांत घ्यावी. धान्य सजीव असून तें श्वसन करितें. कोंडलेल्या जागेंतील प्राणवायु संपतो, कर्बाम्ल वायु सांचतो व किडे मरतात. पेंव उघडल्याबरोबर आंत उतरणारा मनुष्यही ह्याच कारणानें गुदमरतो. म्हणून जाणते लोक तें कांहीं वेळ उघडें ठेवून मगच उतरत. पवित्र शास्त्रांत योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत सांठविला, ती कथा आपणांस ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध मात्र आपण घाईनें वाचतों. दुष्काळ पडल्यावर लोकांनीं प्रथम पैसा दिला, मग गुरें दिलीं, शेवटीं जमीन आणि स्वतःचा देहही दिला. धान्य कोठारांत होतें. तें घेण्याची ऐपत लोकांत उरली नव्हती.

१८७६-७८ च्या दुष्काळांत आपल्याकडे हेंच घडलें. लोक अन्नावांचून मरत असतांही हिंदुस्थानांतून गहूं परदेशीं जातच होता. आगगाडी धान्य आणूं शकते तशीच नेऊंही शकते. भाव जिकडे चढेल तिकडे पोतें जातें. सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या हिशेबानें दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाकाठीं सुमारें एक पौंड धान्याची मजुरी ठरली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्याचें त्यांत कसें भागावें, हें गणित कोणत्याही घरच्या आईस पाटीवांचून सुटेल.

१९७२ सालीं महाराष्ट्रांत पाऊस पुनः बुडाला, पण पूर्वीप्रमाणें गांवेंच्या गांवें मृत्यूच्या दाढेंत गेलीं नाहींत. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लक्ष माणसें पाझर तलाव, नालाबांध व रस्ते ह्यांच्या कामांवर होतीं. हातीं मजुरी आली म्हणून धान्य विकत घेतां आलें. अमेरिकेंतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकर कोणास रुचली नाहीं, तरी पोटांत गेली. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ सालचा; माझ्या मतें, महाराष्ट्रानें देशास दिलेल्या देणग्यांमध्यें हिचा क्रम फार वरचा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र घरांतील माणशीं दरमहा पांच किलो धान्याचा हक्क ठरला; तें बहुधा गहूं व तांदूळ असतें.

आपल्या कोरड्या तालुक्यांचें स्वतःचें धान्य बाजरी. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील प्रदेशांत चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं माणसानें ही लागवडीस आणिली. (आपल्या शरणपुरांतही एकोणिसाव्या शतकांत गुलामगिरींतून सुटलेलीं आफ्रिकी मुलें शिकत होतीं, त्यांतील जेकब वेनराइट १८७४ मध्यें डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या पार्थिव देहाबरोबर इंग्लंडास गेला. बाजरी त्याच खंडांतून फार आधीं येऊन घरची झाली होती.) सुमारें तीन महिन्यांत ती पदरांत पडते, पाऊस मध्यें ओढला तर दम धरिते, व पुढें सर आली कीं नवे फुटवे फोडिते.

पाणी वांटून घेण्याची विद्याही येथें जुनी आहे. बागलाणांतील मोसम व आरम, तसेंच धुळ्याकडील पांझरा ह्या नद्यांवर तीनशें वर्षांहून जुनी अशी फडपद्धति आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यांतून पाट, आणि पाटाखालील जमिनीचे तीनचार मोठे फड. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. एका वर्षीं ऊंस, तर पुढें दुसरें कांहीं. शक्यतों प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडांत असे. ज्या वर्षीं नदीस पाणी कमी, त्या वर्षीं कांहीं फड कोरडे ठेवीत. नुकसान एकट्याच्या माथीं न येतां सर्वांत वांटलें जाई. पाटकरी पाण्यावर लक्ष ठेवी व जागल्या पिकावर, आणि त्यांचा मोबदला शेतकरीच देत. अलीकडे दिंडोरी तालुक्यांत वाघाड धरणावरील शेतकऱ्यांनीं, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या व बापू उपाध्ये ह्यांच्या प्रेरणेनें, पाणीवापर संस्था काढून कालव्याचा कारभार स्वतः हातीं घेतला, तो ह्याच वृत्तीचा.

उलट, विहिरीचें पाणी ज्याचा पंप मोठा त्याचें होऊन बसलें आहे. भूगर्भांतील पाणी उपसून प्लास्टिक पसरलेल्या शेततळ्यांत भरणें, म्हणजे सर्वांचें पाणी एकाच्या आवारांत आणून उन्हांत वाळूं देणें होय. द्राक्षें व कांदा ह्यांनीं जिल्ह्यास पैसा दिला ह्यांत शंका नाहीं, आणि पैसा हातीं असणें हेंही अन्नच आहे, हें वर पाहिलें. परंतु कांद्याचा भाव कोसळला कीं तें अन्न एका आठवड्यांत नाहींसें होतें.

वरच्या वर्गांतील मुलांसाठीं एक उदाहरण. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. बाजरीस सुमारें ४०० मिलिमीटर पाणी लागतें, उंसास सुमारें २,०००. आपल्या गांवच्या शिवाराचें क्षेत्र तलाठ्याकडून घ्यावें, यंदाच्या पावसाचा आंकडा मिळवावा, आणि किती हेक्टर कोणतें पीक भिजेल तें काढावें. सर्वच पाणी जमिनींत मुरत नाहीं हेंही विसरूं नये. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें ग्रामसभा दरवर्षीं असाच ताळेबंद मांडिते, पिण्याचें पाणी प्रथम बाजूस काढिते, आणि मग पिकें ठरविते. तेथें उंसास बंदी आहे.