तपासणी कशाची करायची?

प्रश्न : माझा १७ वर्षांचा मुलगा सांगतो, त्याला मुलांविषयीच आकर्षण वाटतं. वयात येताना हार्मोन्स कमी पडली असतील का? तपासून घेऊ का?
– एक आई, नारायण पेठ

उत्तर : ताई, मिसरूड फुटलं, आवाज फुटला, उंची वाढली, म्हणजे हार्मोन्सनी आपलं काम केलं आहे. समलिंगी पुरुषांत टेस्टोस्टेरॉन साधारण इतरांइतकंच असतं. इंजेक्शनाने फार तर इच्छा वाढेल, तिची दिशा बदलणार नाही. २०१९ साली पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय अभ्यासात समलिंगी आकर्षण ठरवणारं असं एकच जनुक सापडलं नाही. अनेकांचा थोडाथोडा वाटा दिसला. थोरले सख्खे भाऊ जितके जास्त, तितकी मुलगा समलिंगी असण्याची शक्यता किंचित वाढते, हेही आढळलं आहे. तुमच्या वाढवण्यात काही चुकलेलं नाही, हे मी अगदी खात्रीने सांगते.

‘बरं करतो’ म्हणणाऱ्याकडे मात्र नेऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. पुण्यातच बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला. या विषयावरचं त्यांचं मराठी लेखन तुम्हीही वाचा. मुलगा उदास राहत असेल, झोपत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. पण त्या उदासीसाठी, आकर्षणासाठी नव्हे.