वस्तीतील रस्ता कोणासाठी?

सकाळी कचेरीच्या वेळी मुख्य रस्ता तुंबला की वाहनचालक आडवाट शोधू लागतो. शेजारच्या वसाहतीतील गल्ली त्याला मोकळी दिसते. तेथून गेल्यास एक सिग्नल चुकतो, चार मिनिटे वाचतात. एकाने शोधलेली ही वाट हळूहळू शेकडोंची होते; आता तर भ्रमणध्वनीवरील नकाशेच ती दाखवितात. या चालकांचे त्या वसाहतीत काहीही काम नसते. त्यांना केवळ पलीकडे जावयाचे असते. परंतु त्याच वेळी त्या गल्लीतून मुले शाळेस निघालेली असतात व वृद्ध मंडळी फिरावयास बाहेर पडलेली असतात.

वस्तीतील ही परकी रहदारी कशी रोखावी, या प्रश्नाचा कसोशीने विचार करणाऱ्या देशांत नेदरलँड्सचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

बालकांच्या मृत्यूने आणलेली जाग

दुसऱ्या महायुद्धानंतर या लहानशा देशात मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. 1971 या एकाच वर्षी तेथे रस्त्यांवरील अपघातांत सुमारे 3,300 माणसे दगावली; त्यांत 400 हून अधिक बालके होती. 1970 च्या दशकाच्या आरंभी पालक रस्त्यावर उतरले. 'बालहत्या थांबवा' अशा अर्थाचे नाव त्यांनी आपल्या चळवळीस दिले. त्यांची मागणी साधी होती : घरासमोरचा रस्ता मुलांना जीव मुठीत न धरता वापरता यावा.

गल्लीचे अंगण झाले

याच सुमारास डेल्फ्ट शहरात एक नवी कल्पना आकारास येत होती. डच भाषेत तिला 'वोनएर्फ' म्हणतात. मराठीत त्यास 'राहते अंगण' म्हणता येईल. अशा गल्लीत पदपथ व रस्ता असा भेद ठेवला जात नाही. पादचाऱ्यास गल्लीची संपूर्ण रुंदी वापरता येते आणि मुलांना तेथे खेळता येते. झाडे, वळणे व वाहने उभी करण्याच्या आखून दिलेल्या जागा यांची मांडणीच अशी असते की सरळ भरधाव जाणे चालकास शक्य होत नाही. वाहनाने माणसाच्या पावलांच्या गतीने चालावे, असा मूळ दंडक होता. 1976 साली या रचनेस कायद्याची मान्यता मिळाली.

प्रत्येक गल्लीचे असे अंगण करणे खर्चाचे होते. म्हणून 1980 च्या दशकात ताशी 30 किलोमीटर वेगमर्यादेच्या निवासी क्षेत्रांची सोय कायद्याने करण्यात आली.

वेगमर्यादेमागील हिशेब

ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीसमोर अचानक मूल आले, तर चालकास भान येऊन गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुमारे 13 मीटर अंतर कापले जाते. वेग ताशी 50 किलोमीटर असल्यास हेच अंतर सुमारे 28 मीटर होते. म्हणजे पहिली गाडी जेथे थांबलेली असते, तेथे दुसऱ्या गाडीचा ब्रेक नुकताच लागू लागलेला असतो. मुलाचे प्राण वाचणे अथवा न वाचणे या 15 मीटरांवर अवलंबून असते.

हानी केवळ अपघातांचीच नसते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनातज्ज्ञाने एकसारख्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील पहिल्या रस्त्यावर दिवसाला सुमारे 2,000 वाहने होती, तर तिसऱ्यावर सुमारे 16,000. कमी रहदारीच्या रस्त्यावर प्रत्येक रहिवाशास त्याच रस्त्यावर सरासरी 3 मित्र होते. जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता. रहदारी वाढली की माणसे आतल्या खोल्यांत जातात आणि शेजार हरवतो, हा त्याचा अर्थ.

उपाययोजनेचे सूत्र

केवळ फलक लावून वा एखादा गतिरोधक उभारून परकी रहदारी थांबत नाही. वाट जोवर जवळची आहे, तोवर चालक ती सोडीत नाही. म्हणून ती वाट पलीकडे निघणारच नाही, अशी योजना करावी लागते. गल्लीच्या मध्यावर खांब रोवून ती मोटारींस बंद करता येते. पादचारी व सायकलस्वार त्यातून जाऊ शकतात. रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांच्यासाठी खांब काढता येण्याजोगे ठेवावे लागतात. एकेरी मार्गांची दिशा बदलूनही तोच हेतू साधतो. रहिवाशास आपल्या घरी मोटार नेता येते, मात्र वसाहत ओलांडून जाता येत नाही.

हे काम एकेका गल्लीपुरते केल्यास एकीचे दुखणे दुसरीच्या माथी बसते. यासाठी संपूर्ण वसाहतीचा आराखडा एकत्रित करणे आणि मुख्य रस्त्यावरील वाहतूक व सार्वजनिक बससेवा सुधारणे अगत्याचे असते.

आपल्याकडेही 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 115 अन्वये सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट क्षेत्रात वा रस्त्यावर वाहनांस निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनास व त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेस आहे. कायद्याचा आधार आहे. त्यास रहिवाशांच्या पुढाकाराची जोड हवी. वसाहतीत घरच्या गाड्या किती व परक्या किती, याची कचेरीच्या वेळी नोंद करून ती नगरपालिका व वाहतूक पोलिसांपुढे मांडणे, ही त्याची पहिली पायरी होय. नेदरलँड्समध्येही बदलाची मागणी पालकांनीच प्रथम केली होती. 2023 साली तेथील अपघाती मृत्यूंची संख्या 684 होती. 1971 च्या आकड्याशी तिची तुलना केली, म्हणजे या वाटचालीचे मोल ध्यानी येते.