पवनचक्की आणि वटवाघूळ



सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीचे पठार आहे. तिथे उभे राहिले की चहूकडे पवनचक्क्या दिसतात. उंच खांब आणि त्याच्या टोकाला तीन लांब पाती. वाऱ्याने पाती फिरतात आणि वीज तयार होते. कोळसा लागत नाही, धूर होत नाही. पवनचक्की ही चांगली गोष्ट आहे, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. पण चांगल्या गोष्टीतही एखादी खोट असते. ती वेळीच कळली तर दुरुस्त करता येते. आजचा धडा त्या खोटीचा आहे.

आधी वटवाघळाची ओळख करून घेऊ. वटवाघूळ उडते, पण तो पक्षी नव्हे. ते अंडी घालत नाही. त्याला पिल्लू होते आणि आई पिल्लाला अंगावर पाजते. मोठी वटवाघळे वडा-पिंपळाला उलटी लोंबतात. ती फळे खातात. लहान वटवाघळे जुन्या देवळांत, विहिरींत, गुहांत राहतात. त्यांतली बहुतेक किडे खातात. अंधारात ती बारीक आवाज काढतात. तो आवाज किड्यावर आदळून परत येतो. त्यावरून किडा कुठे आहे ते त्यांना कळते.

रात्री पिकावर पतंग येतात आणि अंडी घालतात. त्यांच्या अळ्या कपाशीची बोंडे आणि हरभऱ्याचे घाटे पोखरतात. असले पतंग वटवाघळे खातात. म्हणजे ती शेताची रात्रीची राखणदारच झाली. राखणदाराला मजुरी द्यावी लागते. यांना तीही नको.

आम्ही नोकरीत असताना शाळेच्या माळ्यावर वटवाघळे होती. पोरे भीत. गावकरी म्हणत, अपशकुन आहे. आम्ही धूर करवून ती हाकलली. त्या वेळी वाटले, चांगले काम झाले. आज तसे वाटत नाही. शिकलेल्या माणसालाही न शिकलेल्या गोष्टी पुष्कळ असतात, बरं का!

आता पवनचक्कीकडे वळू. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. तिथल्या एका डोंगरावर ४४ पवनचक्क्या होत्या. २००३ साली त्यांच्या पायथ्याशी शेकडो वटवाघळे मरून पडलेली सापडली. असे का झाले? पाते दुरून सावकाश फिरताना दिसते. पण त्याचे टोक ताशी अडीचशे किलोमीटरहूनही अधिक वेगाने जाते. वटवाघळाला समोरचे झाड कळते, पण वरून झपकन येणारे पाते चुकवता येत नाही. उंच खांब त्यांना झाडासारखा वाटत असावा, म्हणून ती जवळ येत असावीत, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात.

उंदीर वर्षातून कित्येकदा वितो. वटवाघळाच्या बहुतेक जातींना मात्र वर्षाला एकच पिल्लू होते. म्हणून मेलेल्यांची भरपाई लवकर होत नाही.

मग पवनचक्क्या मोडून टाकायच्या काय? मुळीच नाही. यावर उपाय निघाला आहे. वटवाघळे मंद वाऱ्याच्या रात्री जास्त उडतात. जोराच्या वाऱ्यात ती कमी बाहेर पडतात. मंद वाऱ्यात पाती फिरतात, पण वीज थोडीच होते. अमेरिकेतच पेनसिल्व्हेनिया राज्यात २००८ आणि २००९ साली असा प्रयोग झाला. वटवाघळांच्या हंगामात, रात्री वारा मंद असला की काही चक्क्या थांबवून ठेवल्या. त्या चक्क्यांखाली मरणाऱ्या वटवाघळांची संख्या निम्म्याच्या आसपास उतरली; काही वेळा तर शंभरातली नव्वद वाचली. वर्षाच्या विजेतली घट शंभरात एकाहून अधिक नव्हती. एवढीशी वीज सोडली आणि एवढे जीव वाचले!

आपल्याकडेही डोळे उघडे ठेवायला हवेत. चाळकेवाडीच्या पठारावरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी आढळले. त्यांचे भक्ष्य असलेले सरडे मात्र वाढले होते. साखळीची एक कडी हलली की पुढची हलते, ती अशी.

आपण काय करावे? गावच्या हद्दीत पवनचक्की येणार असेल, तर ग्रामसभेत उभे राहून विचारा: जवळ वटवाघळांची गुहा आहे काय? मंद वाऱ्याच्या रात्री पाती थांबवाल काय? खांबाखाली मेलेले वटवाघूळ दिसले तर उघड्या हाताने उचलू नका. तारीख लिहून ठेवा आणि वनखात्याला कळवा. तुम्हाला आता लिहिता येते. त्याचा असाही उपयोग होऊ द्या.

प्रश्न
१. वटवाघूळ पक्षी का नव्हे?
२. वटवाघळांची संख्या लवकर का भरून येत नाही?
३. तुमच्या गावात वटवाघळे कुठे राहतात? पाहून या आणि चार ओळी लिहा.