काळा घोडा : गाइडशिवाय चित्रं पाहताना

प्रश्न : एका दिवसासाठी मुंबईत येतोय. गॅलऱ्या पाहायची इच्छा आहे, पण चित्रांतलं फारसं कळत नाही. एकट्याने फिरणं जमेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्की जमेल. चित्र पाहायला डोळे आणि थोडी सवड पुरते. शनिवार निवडा. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट सोमवारी बंद असते आणि बऱ्याच खासगी गॅलऱ्या रविवारी.

सुरुवात जहांगीर आर्ट गॅलरीपासून करा. १९५२ पासूनच्या या गॅलरीत प्रवेश मोफत आहे. प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात आणि चित्रकार बहुधा स्वतःच तिथे बसलेला असतो. ‘हे कसं सुचलं?’ असं बेधडक विचारा. गाइडपेक्षा जास्त कळेल. बाहेर फुटपाथवरची चित्रंही पाहा.

मग जवळच नॅशनल गॅलरी. ती १९९६ पासून कावसजी जहांगीर सभागृहात आहे. तिकीट काढून वर घुमटाखालच्या दालनापर्यंत चढा. या काळा घोडा परिसरातच घोड्याचा पुतळाही दिसेल. मूळ पुतळ्यावर ब्रिटिश राजा सातवा एडवर्ड होता, तो पुतळा आता राणीच्या बागेत आहे. २०१७ साली बसवलेल्या या घोड्यावर स्वार नाही.

दुपारनंतर फोर्ट आणि कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्या पाहा. काही जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत. बेल वाजवायला संकोचू नका. चित्र विकत घेतलंच पाहिजे असं नाही.

दिवसात तीनच ठिकाणं पुरेत. प्रत्येक ठिकाणी एका चित्रापुढे पाच मिनिटं थांबा.