झटका मशीनची बॅटरी चार्ज का होत नव्हती?

आमच्या मळ्यात झटका मशीन आहे. तारेला डुक्कर शिवले की त्याला झटका बसतो आणि ते पळून जाते, पण मरत नाही. कारण झटका क्षणभरच असतो. काही लोक तारेत थेट लाईट सोडतात. तो गुन्हा आहे, त्याने माणसेसुद्धा मेली आहेत.

मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. बॅटरी दिवसा सोलर पॅनलवर चार्ज होते. मधे एक छोटी डबी असते, तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. बॅटरी भरली की ती चार्जिंग रोखते आणि रात्री बॅटरीतला करंट उलटा पॅनलमध्ये जाऊ देत नाही.

हरभरा निघाल्यावर आप्पांनी सगळे सोडून पडवीत ठेवले. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बॅटरी पोत्याखाली होती. मक्याला कणसे धरली तेव्हा परत जोडली. पहिल्या रात्री थोडा वेळ टक् टक् वाजले आणि बंद. सकाळी बघतो तर दोन गुंठे मका आडवा! आजी बांधावरच बसली. दुकानदार म्हणाला, "नवीन बॅटरी घ्या." आप्पा म्हणाले, "पैसे काय झाडाला लागलेत?" मग त्यांनी मोटार बांधणाऱ्या काकांना बोलावले. रविवार होता म्हणून मी पण गेले.

काकांनी आधी पॅनलकडे पाहिले. त्यावर धूळ आणि पाखरांची घाण होती. ती मी ओल्या फडक्याने पुसली. दुसरे म्हणजे लिंबाची फांदी वाढून पॅनलवर सावली पडत होती. काकांनी वायरी सोडून मीटर लावला, १८ व्होल्ट दाखवले. आप्पा म्हणाले, "१२ ची बॅटरी आणि १८ येतायत, मग सावलीनं काय बिघडलं?" मला पण तसेच वाटले. पण इथेच सगळे फसतात. काका म्हणाले, "व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. नळातनं पाणी किती येतं ते अँपिअर सांगतं." मग अँपिअर मोजले. सावलीत ०.२ आले. पॅनल धरून उन्हात नेले तर २.१! व्होल्ट मात्र २० च झाले. म्हणजे सावलीत दिवसभर नुसता थेंब थेंब येत होता. पॅनलमध्ये ३६ चकत्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे थोड्यांवर सावली पडली तरी सगळ्यांचे काम अडते. फांदी तोडली आणि पॅनलचे तोंड दक्षिणेला केले.

तरी चार्जिंग होईना! मग काकांनी एक गंमत केली. ऊन असताना मीटरची टोके वायरीच्या चिमट्यांना लावली, तर १४ व्होल्ट. तीच टोके बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांना लावली, तर ११.४. चिमटा तर खुंटीवरच बसलेला! मधल्या मधे अडीच व्होल्ट गेले कुठे? चिमटा काढून पाहिला तर आत पांढरा-हिरवा थर. तो करंट अडवत होता. आधी वजा बाजूची वायर सोडायची, मग अधिकची. बुचे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने थर धुतला, फेस आला. पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचे नाही. नंतर खुंट्या कोरड्या करून चिमटे आवळले आणि वरून ग्रीस लावले.

मग बुचे उघडली. सहा घरे असतात, दर घराचे दोन व्होल्ट. दोन घरांत पाट्या उघड्या पडल्या होत्या. मी तांब्यातले पाणी आणायला धावले तर काका ओरडले, "विहिरीचं नको गं!" त्यात क्षार असतात. दुकानात मिळते ते डिस्टिल्ड वॉटरच घालायचे, पाट्या बुडतील एवढेच, बाकीचे चार्ज झाल्यावर. आत ॲसिड असते, त्याने आप्पांच्या धोतराला भोक पडले. चार्ज होताना पेटणारा वायू निघतो म्हणून आजोबांना विडी लांब ओढायला सांगितले. त्यांना राग आला.

तीन दिवस चांगले ऊन पडले. चौथ्या दिवशी संध्याकाळी ऊन गेल्यावर थोडा वेळ थांबून मोजले, १२.६ व्होल्ट! म्हणजे पूर्ण भरली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण रात्री तीनला टक् टक् थांबले आणि सकाळी मीटरवर ११.७. काका म्हणाले, वायर, पॅनल, पाणी सगळे ठीक आहे, आता दोष बॅटरीतच आहे. ती पाच महिने पडून पडून रिकामी झाली आणि पाट्यांवर कडक थर बसला, त्यामुळे तिच्यात पहिल्याइतके मावत नाही. ठेवून द्यायची असली तरी आधी पूर्ण भरायची आणि महिन्यातून एकदा चार्ज करायची. पोत्याखाली तसेच कोण करते? आम्ही तर केलेच नाही.

नवीन बॅटरी मका विकल्यावर घ्यायची ठरली आहे. तोवर रात्री तीनपर्यंत मशीन राखण करते आणि तीननंतर आजोबा माळ्यावर बसून डबा वाजवतात. मला पण एकदा जायचे आहे, पण आई शाळा बुडेल म्हणते.

– इयत्ता चौथी