वल्ह्याचा भार कुणी घ्यायचा?

हवेच्या छोट्या बोटीचं वल्हं सहसा मोडत नाही. उखडते ती वल्ह्याची बैठक, म्हणजे बोटीच्या फुगीर कडेवर चिकटवलेलं रबरी बूड आणि त्यात रोवलेली खुंटी. तीही अंगणात किंवा काठावर उखडत नाही. समोरून वारा सुटलेला असतो, काठ लांब असतो, आपण जीव खाऊन ओढत असतो, तेव्हाच ती जागा सोडते. भोसरीतल्या आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ओळखीपाळखीतून अशा बोटी येत असतात. कुणी पक्ष्यांचे फोटो काढणारा, कुणी गळ टाकणारा. तक्रार मात्र बहुतेकांची हीच.

माझा या भानगडीशी संबंध आला तो मेहुण्यामुळे. त्याने पक्ष्यांसाठी अडीच मीटरची, दोन माणसांची पीव्हीसीची बोट घेतली. बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, कारण हीच रचना बाजारातल्या कितीतरी बोटींवर दिसते. फेब्रुवारीत आम्ही भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावच्या बाजूने पाण्यात उतरलो. जाताना वारा पाठीशी होता. रोहित पक्षी दिसले, मेहुणा खूश झाला. परतताना तोच वारा तोंडावर आला आणि थोड्या वेळात तो म्हणाला, "दाजी, हे वल्हं डगडगतंय."

मी वाकून पाहिलं. डाव्या बुडाची मागची कड नख जाईल इतकी उघडली होती. वल्हं ओढलं की ती उचलायची, आत गोंदाचे पिवळसर तंतू ताणले जायचे आणि एकेक करून तुटायचे. वल्हं सैल सोडलं की कड परत बसायची आणि बसताना थेंबभर पाणी आत घ्यायची. पुढची कड मात्र जशीच्या तशी घट्ट. फार वेळ लागला नाही. अख्खं बूड खुंटीसकट वल्ह्याला लटकत वर आलं. एका वल्ह्याने बोट जाते कुठे? जागच्या जागी गरागरा फिरते. वाऱ्याने आम्हाला आडवं नेलं. शेवटी एका मच्छीमाराने दोरी टाकून ओढून नेलं आणि काठावर आल्यावर एवढंच म्हणाला, "वारं बघून फिरायचं असतंय, सायेब. धरणाचं पानी हाय हे."

त्याचं म्हणणं किती खरं होतं ते पुढे कळलं. २१ मे २०२४ ला याच उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती बोट वेगळी, कारणही वेगळं. पण पाणी तेच आणि अचानक उठणारा वाराही तोच.

आता ते बूड का निघालं ते पाहू. गोंद वाईट होता असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. हिशेब करून बघा. वल्हं १८० सेंटिमीटरचं धरा. हातापासून खुंटीपर्यंत ६० आणि खुंटीपासून पात्यापर्यंत १२०. हाताने १५ किलोचा जोर लावला तर पात्यावर साडेसात किलो येतो. खुंटीवर मात्र दोन्हींची बेरीज येते, साडेबावीस किलो. सगळ्यात जास्त जोर हातावर नाही, पात्यावरही नाही, तो बैठकीवर असतो. आणि आख्ख्या बोटीत सगळ्यात लेचीपेची जोडणी तीच, कारण ती हवेवर बसलेली आहे.

हा जोर खुंटीला नाळेकडे ढकलतो. खुंटी बुडापासून पाच सेंटिमीटर उंच असेल तर ती बुडाला पुढे कलंडवते आणि मागची कड वर उचलते. बूड बारा सेंटिमीटर लांब धरलं तर ढोबळमानाने नऊ-साडेनऊ किलोचा ओढा त्या एका कडेवर येतो. गोंदाचा स्वभाव असा की सरकवायला गेलं तर तो दाद देत नाही, कडेपासून सोलायला घेतलं की लगेच हार मानतो. पाकिटावरची चिकटपट्टी आपण ओढून काढत नाही, कोपरा उचलून सोलतो, तेच इथे प्रत्येक वल्ह्यागणिक चालू असतं. त्यामुळे बूड निघालं की तेच पुन्हा जास्त गोंद लावून बसवणारे लोक एक मोसम काढतात आणि परत येतात.

दुसरी अडचण उंचीची. बोट विकत घेताना ती कुणाच्या लक्षात येत नाही. आपण बसतो ती फळी जवळजवळ ट्यूबच्या माथ्याच्या पातळीला असते आणि खुंटीही तिथेच. मग वल्ह्याच्या मुठी गुडघ्यांना लागतात, पातं पाण्यातून नीट वर निघत नाही. आरामात वल्हवायचं तर कडी, म्हणजे वल्हं ज्यात टेकून फिरतं ती, बसायच्या पातळीपेक्षा वीसेक सेंटिमीटर वर हवी. पण चिकटवलेल्या बुडावर उंच खुंटी बसवली तर कलंडवणारा जोर चौपट होणार. म्हणजे गुडघे वाचवायला जावं तर बूड जातं आणि बूड वाचवायला जावं तर गुडघे.

यातून सुटायचा मार्ग एकच, आणि तो नवा नाही. अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या नद्यांवर वल्ह्याच्या मोठ्या राफ्टमध्ये कड्या रबरावर बसवतच नाहीत. वरून एक चौकट पट्ट्यांनी बांधतात आणि कड्या त्या चौकटीवर घेतात. छोट्या बोटीला तीच गोष्ट छोटी करून लावायची. वल्ह्याचा भार ट्यूबने घ्यायचा नाही, चौकटीने घ्यायचा. ट्यूबचं काम फक्त तरंगायचं.

आम्ही करतो ती चौकट अशी. मरीन प्लायच्या दोन आडव्या फळ्या, १८ मिलिमीटर जाडीच्या, वीस सेंटिमीटर रुंद आणि बोटीच्या रुंदीइतक्या लांब. प्लायवर ७१० चा शिक्का बघून घ्यायचा आणि कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करायच्या, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं. एक फळी बसायची, दुसरी कड्यांची. वल्हवणारा पाठ नाळेकडे करून बसतो, म्हणून कड्यांच्या फळीचा मध्य बसायच्या फळीच्या मागच्या काठापासून सुमारे तीस सेंटिमीटर मागे येतो. दोन्ही फळ्या दोन्ही ट्यूबवर आडव्या आणि एकमेकींना ॲल्युमिनियमच्या दोन पाइपांनी जोडलेल्या, प्रत्येक ट्यूबच्या माथ्यावरून एक. हे पाइप फळ्यांच्या थोडे बाहेर काढून साठ-सत्तर सेंटिमीटर लांब ठेवायचे. विंग नट लावले की चौकट सुटी होऊन डिकीत मावते. वजन सात-आठ किलो भरतं.

आता तोच हिशेब पुन्हा. कडी ट्यूबपासून वीस सेंटिमीटर उंच घेतली, म्हणजे आधीच्या चौपट. कलंडवणारा जोर चौपट झाला, पण तो आता साठ सेंटिमीटर लांबीवर विभागला जातो. मागच्या टोकाच्या पट्ट्यावर येतो साडेसात किलो. म्हणजे उंची मिळाली आणि ओढा आधीपेक्षा कमीच झाला. शिवाय वल्ह्यांचा आडवा रेटा फळीतल्या फळीत जिरतो, ट्यूबला त्याची झळ लागत नाही.

चौकट बांधायला डी-कड्या चिकटवाव्याच लागतात, म्हणजे गोंदापासून सुटका नाही. पण त्या कुठे लावायच्या यात सगळं आलं. ट्यूबच्या माथ्यावर लावल्या तर पट्टा त्यांना वर उपटतो. बाहेरच्या बाजूला, ट्यूबच्या मध्याच्या खाली लावल्या तर पट्टा पृष्ठभागाला बिलगून वर येतो आणि गोंदावर फक्त सरकता ओढा राहतो, जो त्याला झेपतो. बोटीच्या कडेची धरायची दोरी ज्या कड्यांतून ओवलेली असते त्यांना चौकट बांधू नका. त्या माणसाने हात घालून धरण्यापुरत्या असतात. पट्टा २५ मिलिमीटरचा नायलॉनचा, कॅम बकलचा. ट्रकवाल्यांचं रॅचेट वापरू नका, त्याने ट्यूब कधी चेमटली ते कळतही नाही. पाइपाखाली जुनी योगा मॅट कापून घालायची, कारण फुगवट्यातला गाळ पाइप आणि पीव्हीसीच्या मध्ये शिरला की कापड घासून निघतं.

गोंदाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण लोक इथेच पैसे वाचवायला जातात. सायकलचं पंक्चर सोल्यूशन पीव्हीसीवर धरत नाही. सनमायका चिकटवायचा पिवळा गोंद सुरुवातीला छान धरतो आणि मग दगा देतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य असतं ते हळूहळू गोंदात उतरतं आणि गोंद चिकट चिखलासारखा होतो. पीव्हीसीला दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंदच हवा. बोट हायपालॉनची असेल तर गोंद वेगळा, निओप्रिनचा, आणि ती घासून खरखरीत करून घ्यावी लागते. बोट कशाची आहे हे विकणाऱ्याला विचारूनच घ्या. हवा काढून बोट सपाट पसरायची, जागा पेन्सिलीने आखायची, एमईके या द्रावकाने पुसायची, दोन्ही बाजूंना पातळ हात द्यायचे, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग चिकटवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत न्यायचं. चोवीस तास हवा भरायची नाही, चार दिवस थांबलात तर उत्तम. आणि हे काम पावसाळ्यात करू नका. गोंदातला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि वर दाबलेलं सगळं त्या न दिसणाऱ्या पाण्याच्या थरावर चिकटतं.

जाता जाता एक गंमत. १८४० च्या दशकात ब्रिटिश नौदलातल्या पीटर हाल्केट नावाच्या लेफ्टनंटने अंगात घालायच्या झग्याचीच हवेची बोट केली होती. झगा फुगवायचा, चालायच्या काठीला पातं लावून ती चालवायची आणि छत्री शिडासारखी धरायची. सुटं पातं दोन्ही हातांत धरलेलं, त्यामुळे बैठकीचा प्रश्नच नव्हता. सांगायचं कारण, चौकट असली तरी एक सुटं पॅडल बोटीत असलंच पाहिजे. त्याला कडी लागत नाही, खुंटी लागत नाही.

वल्ह्याची लांबी किती? लाकडी बोटींसाठी जुनं सूत्र असं आहे की दोन कड्यांमधलं अंतर निम्मं करायचं, त्यात पाच सेंटिमीटर मिळवायचे, आलेल्या संख्येला सातने भागून पंचवीसने गुणायचं. कड्यांमध्ये ११० सेंटिमीटर असतील तर वल्हं २१४ सेंटिमीटरचं येतं. बोटीसोबत येणारी वल्ही याच्या कितीतरी आखूड असतात आणि नुसतं पाणी ढवळतात. हलक्या हवेच्या बोटीला मात्र मी १८० वर थांबतो. वाऱ्यात थोडी आखूड वल्ही हाताला हलकी पडतात, आणि लांब वल्ह्याचे तीन तुकडे करावे लागले तर प्रत्येक सांधा पुढे खुळखुळतो.

कडी कसली घ्यावी यावर आमच्या शेडमध्ये नेहमी वाद होतो. वल्ह्याला भोक पाडून ते खुंटीत अडकवण्याची सोय फोटोवाल्यांना आवडते, कारण वल्हं सोडून कॅमेरा धरता येतो. मला ती आवडत नाही. उजनीच्या पाण्याखाली बाभळींचे बुंधे आहेत, बुडालेल्या गावांच्या भिंती आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं ते आपण पाहतोच. शिवाय जागोजागी जाळी. पातं अडकलं आणि वल्ह्याला सुटायला वाट नसली तर सगळा हिसका चौकटीतून ट्यूबवर येतो. म्हणून मी वर उघडी असलेली इंग्रजी यू अक्षरासारखी कडी करतो. तिला बारा मिलिमीटरची स्टेनलेसची दांडी, ती नायलॉनच्या ठोकळ्यात फिरणारी. लेथवाला अर्ध्या तासात करून देतो. पातं अडकलं तर वल्हं कडीतून उसळून बाहेर येतं. ते वाहून जाऊ नये म्हणून दोन फुटी दोरीने चौकटीला बांधलेलं असतं. काहीतरी मोडायचं असेल तर आधी काय मोडावं हे आपण ठरवून ठेवायचं. ती दहा रुपयांची दोरी असावी, ट्यूब नसावी.

पाण्यात उतरल्यावर एक काम लोक हटकून विसरतात. काठावर ३५ अंशाच्या उन्हात ट्यूबमध्ये ०.२ बार हवा भरली आणि पाण्यात ती हवा २४ अंशांवर आली, तर दाब ०.१६ च्या खाली जातो. बोट मऊ पडते आणि पट्टे सैल होतात, चौकट हलायला लागते. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं काठाजवळच फिरायचं, मग परत येऊन पंप मारायचा आणि पट्टे ओढून घ्यायचे. उलट, भर उन्हात बोट काठावर ठेवून जेवायला बसणार असाल तर आधी थोडी हवा सोडा.

मेहुण्याची बोट आता या चौकटीवर चालते आणि तो खूश आहे. पण चांगली बैठक मिळाली की माणूस जास्त लांब जायला लागतो हेही मी पाहिलंय. तेव्हा जॅकेट अंगावर, बंद लावून असू द्या, फळीखाली कोंबलेलं नको. वारा सुटला की आपली गाडी जिथे लावली तो काठ गाठायचा हट्ट धरू नका. जवळचा जो काठ असेल तिथे बोट लावा, गाव कुठलंही असो. तिथून गाडीपर्यंत सोडायला कुणीतरी मोटारसायकलवाला मिळतोच.