‘गिव्ह अप’ : देण्यातून सोडण्याकडे

‘गिव्ह अप’ला मराठी प्रतिशब्द विचारला, तर शाळकरी मुलगा ‘सोडणे’ म्हणतो आणि वर्तमानपत्राचा अनुवादक ‘हार मानणे’ लिहितो. दोघांचेही चूक नाही. पण पोलिसांच्या स्वाधीन होणे, बसमधली जागा म्हातारीला देणे, रोग्याची आशा सोडणे आणि प्राण सोडणे हे सारे अर्थ एकाच जोडात कसे मावतात, याचा उलगडा या दोन प्रतिशब्दांनी होत नाही. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. यातून ‘सोडणे’ निघाले कसे?

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1150 पूर्वीच्या भाषेत, असे अर्थ बहुधा क्रियापदाला उपसर्ग लावून व्यक्त होत. देणे या अर्थाच्या धातूला ‘ऑफ’ हा उपसर्ग लागला की सोडून जाणे असा अर्थ होई. संस्कृतात ‘दान’ म्हणजे देणे आणि ‘आदान’ म्हणजे घेणे, तशातलाच हा प्रकार. पुढे असे उपसर्ग मागे पडले आणि क्रियापदानंतर सुटे अव्यय ठेवण्याची रीत वाढली. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या नॉर्स भाषेत ‘गेफा उप्प’ असा नेमका हाच जोड होता. आजच्या ‘गिव्ह’मधला ‘ग’ हा उच्चारही त्यांच्याच प्रभावाचा मानला जातो. तरी सारे श्रेय नॉर्सला देणे घाईचे होईल. जर्मन ‘आउफगेबेन’ची घडणही हीच आहे.

या जोडाचा एक फार जुना लिखित पुरावा पीटरबरोच्या मठातल्या बखरीत आहे. 1154 च्या नोंदीशी ती बखर संपते. राजा स्टीफनने 1146 मध्ये चेस्टरचा अर्ल रॅनल्फ याला नॉर्दॅम्प्टन येथे कैद केले आणि किल्ले हवाली करण्याची शपथ व ओलीस घेऊन मग मोकळे केले. बखरकाराच्या म्हणण्याप्रमाणे रॅनल्फने काही किल्ले दिले, काही दिलेच नाहीत. (मराठी बखरी वाचलेल्याला हे काही नवे वाटू नये.) किल्ले देण्याच्या या मजकुरात ‘गिव्ह’ ‘अप’सह येते. त्यात तीन गोष्टी स्पष्ट आहेत : देणारा, घेणारा आणि द्यायची वस्तू. घेणारा पदाने वरचा, म्हणून ‘अप’मध्ये दिशा पाहता येते. पण ‘अप’ला दुसराही अर्थ आहे, क्रिया पुरती उरकल्याचा. ‘ईट अप’, ‘यूज अप’मध्ये तोच दिसतो. मराठीत हे काम अव्यय करत नाही, दुसरे क्रियापद करते : खाऊन टाक, संपवून टाक, देऊन टाक. ‘अप’ म्हणजे ‘वर’ असे घोकणाऱ्या विद्यार्थ्याला हा ‘टाक’ दाखवला, तर निम्मी अडचण तिथेच दूर होते.

पुढे या तिघांपैकी घेणारा गळू लागला. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये मृत्यूसाठी ‘घोस्ट’ ‘गिव्ह अप’ करणे असा प्रयोग वारंवार येतो. येथे ‘घोस्ट’ म्हणजे भूत नव्हे, आत्मा. हा प्राण कोणाच्या हवाली केला, ते सांगण्याची गरज उरत नाही. आज तंबाखू ‘गिव्ह अप’ करणाऱ्याला ती घेणारा कोणी लागतच नाही. देणे होते, ते निव्वळ सोडणे झाले.

हे वळण मराठीला परके नाही. दान देताना हातावर पाणी सोडतात. त्या विधीतून ‘हक्कावर पाणी सोडणे’ आले आणि दान घेणारा वाक्यातून नाहीसा झाला. घरादारावर तुळशीपत्र ठेवणाऱ्याचेही तेच : मुळात ती वस्तू कृष्णार्पण करण्याची खूण, आता नुसता त्याग. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने गेल्या.

मात्र इंग्रजी एक पाऊल पुढे गेली. तिने वस्तूही गाळली. ‘आय गिव्ह अप’ हे तिथे पूर्ण वाक्य आहे. मराठीत नुसते ‘मी सोडतो’ म्हटले, तर ऐकणारा लगेच विचारील, काय? म्हणून अनुवादकाने गळलेली वस्तू शोधून काढली पाहिजे. कोडे सुटत नसेल तर ‘हरलो’, हट्टी मुलापुढे ‘हात टेकले’, न मिळणाऱ्या नोकरीचा ‘नाद सोडला’, कुस्तीत ‘हार मानली’. सगळीकडे ‘हार मानणे’ लावल्याने आपल्या लेखनातली माणसे फार लवकर हरू लागली आहेत, असे मला वाटते.

डॉ. जॉन्सनने 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेत क्रियापद आणि अव्यय यांचे असे जोड परदेशी माणसाला सर्वांत अवघड जातात असे म्हटले होते. यांना आज रूढ असलेले ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअर्सल स्मिथच्या 1925 च्या पुस्तकातले. ते हेन्री ब्रॅडलीने सुचवल्याचे त्याने नमूद केले आहे. अवघडपणा कुठे आहे, ते वर्गात दाखवण्यासारखे आहे. सर्वनाम असेल तर ते मधेच बसते : ‘गिव्ह इट अप’, ‘गिव्ह अप इट’ चालत नाही. ‘स्मोकिंग’ सोडता येते, ‘टु स्मोक’ नाही. मराठीतही आपण ‘ओढणे सोडले’ असेच नाम करून बोलतो. आणि ‘ऑन’ लागला की माणसाचे नशीब पालटते. ‘गिव्ह हिम अप’ म्हणजे त्याला कोणाच्या तरी ताब्यात देणे किंवा त्याच्या जगण्याची आशा सोडणे. ‘गिव्ह अप ऑन हिम’ म्हणजे तो सुधारेल हा विश्वास सोडणे. पहिल्यात तो हातचा जातो, दुसऱ्यात तो समोरच उभा असतो.

अलीकडे अमेरिकी कार्यक्रमांतून ‘गिव्ह इट अप फॉर’ आपल्याही मंचांवर ऐकू येते. त्याचा अर्थ, या कलावंतासाठी टाळ्या वाजवा. इथे घेणारा ‘फॉर’चे बोट धरून परत आला आहे, ‘इट’ म्हणजे काय, ते मात्र टाळ्यांनीच सांगायचे.